आळीतलं जुनं घर आणि नऊ बिऱ्हाडकरू: सामायिक निवास आखताना

रत्नागिरीच्या राम आळीत, टिळक आळीत किंवा खालच्या आळीत संध्याकाळी चक्कर मारली की मधूनमधून एखादं कुलूपबंद घर दिसतं. अंगणात पाचोळा, पडवीत हवा गेलेली सायकल, दारावर मागच्या गणपतीचं सुकलेलं तोरण. माणसं मुंबईला नाहीतर पुण्याला. आणि त्याच गावात कितीतरी जण खोली शोधत फिरत असतात. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली मुलं, झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात कामाला आलेले, सिव्हिलमधल्या नर्स, बदलीवर आलेले बँकवाले. हायवेकडच्या नव्या इमारतीत त्यांना टू-बीएचके मिळतो, पण एकट्याला परवडत नाही. चौघं मिळून घेतला तर सोसायटीवाले नाकं मुरडतात.

अशा जुन्या घरात आठ-दहा जणांचं नीट निवासस्थान करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची, हे मला घरमालकांची मुलं आणि नुकते कॉलेजातून बाहेर पडलेले आर्किटेक्ट सारखं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो. चुकाही भरपूर केल्यात, त्यांतल्या दोन खाली येतीलच.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. कोकणातलं घर मुळातच सामायिक आहे. अंगण येणाऱ्या-जाणाऱ्याचं, पडवी ओळखीच्यांची, ओटी पाहुण्यांची, माजघर घरच्यांचं, आणि मागील दार म्हणजे खरा कारभार. रस्त्यावरून आत जाताना पायरीपायरीने खासगीपणा वाढत जातो. ही उतरंड जशीच्या तशी ठेवून फक्त माणसं बदलायची. "एकूण चौरस फूट भागिले खाटा" असा हिशेब मांडून घराचे कप्पे पाडलेत, तर वर्षभरात घरही जाईल आणि भाडेकरूही.

पहिली पायरी: कागद

मोजपट्टी नंतर. आधी मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा आणि त्यावरची नावं मोजा. पणजोबांच्या नावावरचं घर असेल तर वारसांची यादी लांबते, आणि त्यांतला एखादा चुलतभाऊ बोरिवलीला असतो ज्याच्याशी गेली दहा वर्षं बोलणं नाही. सगळ्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय एक चिराही (जांभ्या दगडाचा ठोकळा) हलवू नका. काम अर्ध्यावर असताना आलेली वकिलाची नोटीस छपरातल्या गळतीपेक्षा महाग पडते.

मग नगरपरिषद. राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२०ची एकत्रित विकास नियमावली लागू आहे, आणि घर म्हणून वापर वेगळा, वसतिगृह म्हणून वेगळा. आपण नेमकं काय करतोय ते बांधकाम विभागात जाऊन आधीच विचारा. मांडवीच्या किंवा भाट्याच्या बाजूचं घर असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा बघा. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, खाडीकाठचं मोजमाप निराळं. भाडेकरूंशी करार तोंडी नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची.

दुसरी पायरी: एक पावसाळा नुसता बघा

हे सांगितलं की मुंबईचे मालक वैतागतात. त्यांना मेमध्ये ठरवून ऑगस्टमध्ये भाडं हवं असतं. पण इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात प्रत्येक घर छान दिसतं. घराचा स्वभाव जुलैतच कळतो.

जुलैत एखाद्या धुवाधार दिवशी खडू घेऊन घरात जा. भिंतीला ओल जिथपर्यंत चढलीय तिथे रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. दहा-बारा दिवसांनी परत जा, परत रेघ. ओल खालून चढत असेल तर जोत्याचा आणि बाहेरच्या पाण्याचा प्रश्न, वरून उतरत असेल तर कौलांचा, आणि नैर्ऋत्येकडच्या भिंतीला मध्येच चट्टा असेल तर झडीचा, म्हणजे वाऱ्याने तिरक्या येणाऱ्या पावसाचा. तिन्हींवरचा उपाय वेगळा. "वॉटरप्रूफिंग करून टाकू" म्हणणाऱ्या कंत्राटदाराला ह्यातला फरक विचारा, उत्तरावरून माणूस कळेल.

त्याच फेरीत बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. भर दुपारी बॅटरी बंद करून बसलात तर कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील, तेवढ्या जागा मोजून ठेवा. मग बॅटरी लावून तुळयांची टोकं तपासा, विशेषतः भिंतीत शिरतात तिथे. मधली तुळई ठणठणीत आणि टोक भुसा झालेलं, हे नेहमीचं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढं टोक कापून नवा लाकडी सांधा द्यावा लागेल, पण त्यासाठी अख्खी तुळई फेकायची गरज नसते. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती कुठून निघते ते जमिनीपर्यंत शोधत जा. मधेच पुसून टाकलीत तर मूळ सापडणार नाही.

तिसरी पायरी: आराखडा, आणि शेजारच्या काकू

आता माझी पहिली चूक. एका घराचा पहिला नकाशा मी चौदा जणांसाठी काढला होता. पुढची पडवी आणि बाजूची पडवी दोन्ही बंद करून खोल्या. कागदावर झकास दिसत होतं. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून (दगडी कुंपणापलीकडून) सगळं ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "हो रे, पण श्रावणात ह्यांनी ओले कपडे वाळत कुठे घालायचे?"

मी त्या रात्री हिशेब केला. शर्ट, पँट, टॉवेल, आतले कपडे धरून एका माणसाच्या एका दिवसाच्या कपड्यांना साधारण दोन मीटर दोरी लागते. जुलैत कपडा वाळायला तीन दिवस, म्हणजे माणशी सहा मीटर. नऊ जणांना चोपन्न. नऊ मीटर लांब आणि सहा फूट रुंद पडवीत एकेक फुटावर सहा दोऱ्या बसतात, म्हणजे बरोबर चोपन्न. त्या घराची बाजूची पडवी एवढीच होती. चौदा जणांचा नकाशा मी फाडला आणि नऊ जणांचा काढला. तेव्हापासून कोणत्याही घरात किती माणसं मावतील हे मी पडवीवरून ठरवतो.

दोऱ्या कायमच्या बांधू नका, पडवीतून चालता येत नाही. बांबूच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्या कप्पीवरून वर ओढून घेता येतील अशा करा. पूर्वी चुलीच्या वरच दांडी असायची, धुरा-उबेत कपडे वाळत. आता चूल नाही, म्हणून हवा खेळती हवी. पडवीला काचा लावू नका. खाली कमरेएवढं बांधकाम, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, आणि जून ते सप्टेंबर झडीच्या बाजूला काढता-घालता येणारा पडदा. माडाच्या पानांचे विणलेले झाप मिळत असतील तर उत्तम, नाहीतर जाड ताडपत्री.

खाटांचं गणित त्यानंतर. एका माणसाला खाट, छोटं टेबल आणि कपाट मिळून पन्नास चौरस फूट तरी द्या, आणि एका खोलीत दोघांपेक्षा जास्त नको. माजघर मोठं असेल तर मधे आडभिंत घाला, पण चिऱ्याची किंवा विटेची नको. जमिनीखाली पाया नाही, वजन थेट जुन्या कोब्यावर येतं. लाकडी सांगाडा आणि बोर्ड पुरतो, उद्या काढताही येतो.

आवाजाचं मात्र आधीच बघा. जुन्या घरात आतल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, त्यामुळे एका खोलीतला फोन चौथ्या खोलीत ऐकू जातो. एकत्र कुटुंबात ते चालायचं, किंबहुना त्यावरच अर्धी गंमत असायची. अनोळखी नऊ जणांत चालत नाही. झोपायच्या खोल्यांवर फळ्यांची तक्तपोशी घाला. वर जुन्या गोधड्या टाकाव्यात असा मोह होतो, तो आवरा, उंदरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय होईल.

ओटी कोणालाही खोली म्हणून देऊ नका. बसणं, अभ्यास, जेवण, सगळं तिथेच होऊ दे. चपलांसाठी पुढच्या पडवीत उघडी मांडणी, तिच्याखाली निथळायला चर. दाराजवळ छत्र्या-रेनकोट अडकवायला प्रत्येकाची वेगळी खुंटी. ह्या दोन गोष्टी विसरलात तर चार महिने ओटीवर चिखल आणि भांडण, दोन्ही.

चौथी पायरी: भिंती

ही माझी दुसरी चूक, आणि पैशाने मोठी. जांभ्याचा चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, पण सच्छिद्रच राहतो. पावसात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात परत सोडतो. जुन्या लोकांनी त्यावर चुन्याचा गिलावा दिला तो ह्यासाठी, चुना ओल बाहेर जाऊ देतो. मी एका घराच्या आतल्या भिंतीला, मालकाला "स्वच्छ, गुळगुळीत" हवं म्हणून, सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिला. पहिल्या पावसात पेंटला फोड आले, हाताच्या पंजाएवढे. एक फोडला तर आतून पाणी ओघळलं आणि मागे पांढरं मीठ. दिवाळीनंतर तो सगळा गिलावा खरवडून काढला, आणि त्याबरोबर चिऱ्याचा वरचा पापुद्राही गेला.

तेव्हा भिंतीला चुनाच. कारागीर कमी झालेत, पण आहेत. मंदिरांची कामं कोण करतं ते विचारत जा, सापडतात. चुना भिजवून मुरवायला आठवडे लागतात, म्हणून गिलाव्याच्या तारखेआधीच तो हौदात पडलेला हवा. आतून रंग चुन्याचाच द्या. भाडेकरूच्या शर्टाला पांढरं लागतं ही तक्रार येईल. खाटेमागे लाकडी पाठ लावली की ती मिटते.

विजेच्या वायरी भिंतीत खाचे पाडून नेऊ नका. चिरा खाचेबरोबर फुटतो. लाकडी पट्टीवरून किंवा पाइपातून उघड्या नेल्या तरी जुन्या घराला शोभतात. वायरिंग सगळं नवं, अर्थिंग नवं, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. ओल्या भिंती, ओले हात आणि नऊ चार्जर, ह्यात काटकसर करायची नाही.

पाचवी पायरी: छप्पर

कौलं काढून पत्रे घालायचा सल्ला प्रत्येक जण देईल. पत्र्याखाली पावसात आवाजाने बोलता येत नाही आणि एप्रिलमध्ये बसवत नाही. वादळाचं म्हणाल, तर ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कौलं गेली तसे पत्रेही गेले. बांधणी कच्ची असेल तर काहीही उडतं. म्हणून कौलंच ठेवा, बांधणी पक्की करा. वाश्यांखालचं लाकूड लोखंडी पट्टीने भिंतीला जखडा आणि कडेच्या दोन-तीन ओळींची कौलं तारेने रिपेला बांधा. मंगलोरी कौलाला पाठीमागे त्यासाठीच भोक असतं.

मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, पुढे बरेच निघाले, आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. फुटलेल्या कौलाच्या जागी दुसऱ्या छापाचं घातलंत तर खाच नीट बसत नाही आणि नेमकं तिथेच गळतं. आपल्या कौलाची पाठ बघा, छाप टिपून घ्या आणि पाडलेल्या घरांची कौलं विकणाऱ्याकडे तोच छाप मागा. शंभरेक जादा घेऊन परसात रचून ठेवा, कारण दरवर्षी मेमध्ये शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून परत नीट लावणं, लागणारच. माकडं ह्या हिशेबात धरलेली नाहीत, त्यांचं खातं वेगळं.

उजेडासाठी दर खोलीला एक-दोन काचेची कौलं घाला. जास्त घातलीत तर खोली भट्टी होते.

माळ्यावर खाटा टाकायच्या का? सगळे विचारतात. राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला २०० किलो पेलण्याइतकी धरतात. जुना माळा आंबे, नारळ, फार तर भाताच्या कणग्या ठेवायला बांधलेला असतो. इंजिनिअरने तपासून दिला तरी मेमध्ये तिथे झोपून बघा, मग ठरवा. मी ट्रंका ठेवायला वापरतो.

सहावी पायरी: पाणी आणि न्हाणीघर

माणशी दिवसाला १३५ लिटर हा सर्वसाधारण आकडा आहे. नऊ जणांना बाराशे लिटरच्या वर. नळाला एक दिवसाआड पाणी येईल असं धरून अडीच-तीन हजार लिटरची टाकी लागते, म्हणजे तीन टन वजन. ती जुन्या भिंतीवर चढवू नका. मागील दारी वेगळा चौथरा किंवा लोखंडी स्टँड करा. विहीर असेल तर ती उपसून, गाळ काढून वापरात आणा. उन्हाळ्यात शहराच्या पाण्याची ओढाताण होते तेव्हा जी आळी आपल्या विहिरी सांभाळून आहे ती निवांत असते.

संडास-न्हाणीघरं मूळ घराच्या पोटात घेऊ नका. पूर्वी ती मागे वेगळी होती त्याला कारण होतं, पाणी घरापासून लांब राहायचं. मागे वेगळा भाग बांधा आणि घरापासून तिथपर्यंत छप्पर असलेली वाट करा, नाहीतर रात्री अडीचला भर पावसात छत्री घेऊन कोणी जाणार नाही, आणि न जाण्याचे परिणाम अंगणाला भोगावे लागतील. नऊ जणांना दोन संडास, दोन न्हाणीघरं, आणि बाहेर तीन बेसिन. सकाळी आठची गर्दी बेसिनवरच होते, हे बहुतेक नकाशांत सुटतं.

शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर हवा. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, मैला कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. आळीतल्या अरुंद जागेत तेवढं अंतर बहुधा मिळत नाही, शेजाऱ्याची विहीरही मोजायची असते. मग शोषखड्डा करायचाच नाही. बंद टाकी बांधून ती ठरावीक काळाने गाडी बोलावून उपसायची आणि तो खर्च भाड्यात धरायचा.

सातवी पायरी: स्वयंपाकघर

इथे वाद होतात आणि ते बांधकामाचे नसतात. नऊ जणांत तिघे शाकाहारी निघाले की पहिल्याच आठवड्यात बांगड्यावरून तोंडं फिरतात. मी दोन ओटे करतो, दोन वेगळी सिंक. मासळी साफ करायला आणि सुकट-बांगडा भाजायला मागील दारी छपराखाली दगडी कट्टा, नळ आणि खवल्यांसाठी जाळी लावलेलं गटार. वास बाहेर, मांजरं खूश. गॅसचं सिलिंडर भिंतीबाहेर जाळीच्या कपाटात, वर सगळं लाकूड आहे हे विसरू नका. मागचं दार आतून विनाकिल्ली उघडलं पाहिजे, आणि त्याच्यासमोर फ्रिज ठेवायचा नाही.

पण "फक्त शाकाहारींना" अशी पाटी लावून आडनाव चाळण्याचा जो प्रकार चालतो, तो मला पटत नाही. ह्याच गावात १९३१ साली पतितपावन मंदिर सगळ्या जातींना खुलं झालं. खोली देताना भाडं आणि वागणूक बघा.

आठवी पायरी: गणपती आणि शिमगा

बाहेरगावचा आर्किटेक्ट हमखास चुकतो तो इथे. मालक मुंबईला असला तरी गणपती ह्याच घरात येणार. म्हणून एक खोली आणि देवघर मालकाच्या कुलपात ठेवा. ओटी अशी ठेवा की सामान हलवलं की मखर मावेल. भिंतीवर टीव्ही असेल तर मखराची भिंत सोडून. करारात स्पष्ट लिहा: गणपतीचे इतके दिवस ओटी आणि एक ओटा मालकांचा, त्या महिन्याचं भाडं त्या प्रमाणात कमी. बरीच मुलं तेव्हा आपापल्या गावी जातात. जी उरतात त्यांना मोदक मिळतात, तक्रार कोणी केलेली ऐकली नाही.

शिमग्यात ग्रामदैवत भैरीची पालखी दारी येते तेव्हा अंगण मोकळं लागतं. फरशी घालून तिथे नऊ मोटरसायकलींचं पार्किंग आखलंत, तर पालखी नाचवायला जागा उरत नाही आणि आळी ते विसरत नाही. गाड्या एका कडेला, गडग्यालगत, एका ओळीत. मधला चौक सारवलेला किंवा चिऱ्याचा, पाणी मुरेल असा. पालखीच्या दिवशी त्या ओळीतल्या गाड्याही बाहेर काढून कुठे लावायच्या, ते शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. काकूंच्या वाडीत चार मावतात, विचारलं तर नाही म्हणत नाहीत.